ज्या घरावर घाला पडला त्या घरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. हळदीकुंकू झाले, बक्षिसे वाटून झाली, मुलींची गाणी झाली. आणि आता पाहुण्या बाईंनी उठून मरणाच्या गोष्टी काढाव्यात हे कुणालाही खटकेल. चिटणीसबाईंनी विषय सुचविला तेव्हा मीही जरा थबकले. पण त्यांनी कारण सांगितले आणि मला नाही म्हणवेना. तुमच्याच मंडळातील एका भगिनीच्या तरुण मुलावर गेल्या वर्षी रस्त्यात हल्ला झाला, आणि त्यात तो गेला. तेव्हापासून त्या मंडळात आलेल्या नाहीत. पहिले पंधरा दिवस त्या घरी माणसांची रीघ होती. आता कुणी फिरकत नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "जाऊ नये असं कुणालाच वाटत नाही हो, पण जाऊन बोलायचं काय?"

मी पस्तीस वर्षे रुग्णालयात समाजसेविकेचे काम केले. शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेली माणसे त्या काळात पुष्कळ पाहिली. तेव्हा आजचे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे, मला जमेल तसे दिलेले उत्तर समजा. जे सांगणार आहे ते त्या भगिनींच्या संमतीने सांगत आहे, आणि स्मरणिकेत छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवायचे असे आमचे ठरले आहे.

आपल्याकडे मरणाच्या घरी कसे वागावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. चूल पेटत नाही म्हणून शेजारीण पिठलेभात करून आणते. रात्री कुणीतरी सोबतीला निजायला येते. दहाव्याला कावळा शिवायची वाट पाहतात, तेराव्याला गोडाचे जेवण होते, आणि माणूस हळूहळू उठून कामाला लागतो. मला ही रीत फार शहाणी वाटते. पण ती बेतली आहे म्हातारपणाने किंवा आजाराने आलेल्या मरणासाठी. माणसाने माणसाला मारले की त्या रीतीतले काहीच जागच्या जागी राहत नाही. देह घरच्यांच्या हाती नसतो. आधी पंचनामा, मग शवविच्छेदन, मग कागदावर सह्या, मग देह. ज्या खोलीत रडायचे त्या खोलीत पोलीस जबाब घेत असतात. वर्तमानपत्रवाले दारात उभे राहतात, आणि आता तर मोबाइलवर रस्त्यावरची चित्रे घरच्यांच्या आधी गावभर पोचतात. तेरावा होतो, पण त्यानंतर आरोपपत्र, त्यानंतर साक्षी, त्यानंतर तारखा. म्हणजे तेराव्यानंतर जे संपायचे ते इथे तेराव्यानंतर सुरू होते.

आणखी एक गोष्ट. अशा वेळी घरातले कर्ते पुरुष ठरवतात की बायकांना तोंड दाखवायचे नाही, "बघवणार नाही त्यांना." हेतू चांगलाच असतो. पण जिने पाहिले नाही ती पुढे मनाने पाहत राहते, आणि मन जे रंगवते ते प्रत्यक्षाहून भयंकर असते. ब्रिटनमध्ये अशा रीतीने माणूस गमावलेल्यांच्या मुलाखती घेऊन २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी स्वतःच्या इच्छेने अखेरचे दर्शन घेतले त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. कुणावर सक्ती नको. पण आईला, पत्नीला निदान विचारावे. काय दिसेल ते आधी सांगावे, चेहरा झाकलेला असेल तर नुसता हात धरू द्यावा.

आता त्या घरातल्या माणसाला होते काय, ते पाहू. १९४२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बोस्टन शहरी एका नाचघराला आग लागून ४९२ माणसे मेली. एरिख लिंडेमान नावाच्या डॉक्टरांनी त्या वेळी आणि इतर प्रसंगी मागे राहिलेल्यांना तपासून १९४४ साली एक निबंध लिहिला. त्यांना आढळले की दुःख हे नुसते मनाचे नसते, ते अंगात येते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, सारखे सुस्कारे निघतात, पोटात पोकळी पडते, जिना चढण्याचे त्राण राहत नाही. वीस मिनिटांपासून तासभर ही लाट टिकते, ओसरते, पुन्हा येते. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की कुणी भेटायला आले, गेलेल्याचा विषय निघाला की ती लाट उसळते, म्हणून ती माणसे भेटी टाळू लागतात. शिवाय आपल्याच माणसांवर चिडतात. तेव्हा एखादीने दार उघडले नाही, किंवा उघडून तुटक बोलली, तर "आम्ही एवढे गेलो आणि ही वागली कशी" असे म्हणून परत फिरू नका. चार दिवसांनी पुन्हा जा. दारातूनच डबा देऊन या. डबा परत आणायच्या निमित्ताने तिसरी फेरी होते.

याच्या जोडीला घाताने झालेल्या मरणात भीती असते. दाराची घंटा वाजली की छातीत धस्स होते. रात्री उशीर झाला की दुसऱ्या मुलाला दहा दहा फोन होतात. ज्या चौकात तो प्रकार घडला तो चौक टाळून लांबच्या रस्त्याने भाजी आणली जाते. सिएटलचे मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड रायनिअरसन यांनी अशा माणसांबरोबर बरीच वर्षे काम केले आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे मला अनुभवाने पटले आहे. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी तो क्षण डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तरी तो क्षण त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा घडत राहतो. कधी त्यात ती आई धावत जाऊन त्याला वाचवते, कधी मारणाऱ्याचा हात धरते. पण दर वेळी शेवट तोच. असे होता होता त्या पाच मिनिटांच्या मरणाखाली माणसाचे पंचवीस वर्षांचे जगणे दडपून जाते. आई डोळे मिटते, तेव्हा तिला मुलगा दिसत नाही, रस्ता दिसतो. म्हणून रायनिअरसन म्हणतात की आधी त्या माणसाला थोडे शांत, सुरक्षित वाटू द्यावे, गेलेल्याचे जिवंतपण मनात पुन्हा उभे राहू द्यावे. मरणाकडे त्यानंतर वळावे.

आपण शेजारी मात्र नेमके उलटे करतो. आपण मरणापासूनच सुरुवात करतो. "कसं झालं हो? किती वाजता? त्या वेळी तो तिकडे कशाला गेला होता? बरोबर कोण होतं?" हे प्रश्न दुष्टपणाने विचारले जात नाहीत, आपल्याच भीतीपोटी विचारले जातात. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाईला विजेचे झटके बसत आहेत असे दृश्य विद्यार्थिनींना दाखविले. झटके खरे नव्हते, पण मुलींना ते खरे वाटत होते. ज्यांना ते थांबविणे शक्य नव्हते त्या मुली हळूहळू त्या बाईलाच नावे ठेवू लागल्या. जगात न्याय आहे, चांगल्याचे वाईट होत नाही, हे आपल्याला धरून ठेवायचे असते. तेव्हा ज्याचे वाईट झाले त्याच्यातच खोट असली पाहिजे. "त्याची संगत बरी नव्हती," "त्या मुलीने एवढ्या रात्री जायला नको होते," असे म्हटले की आपल्या मुलाबाळांना काही होणार नाही याची आपण आपल्याला ग्वाही देतो. पण तो शब्द जिन्यावरून त्या घरात पोचतो. मूल गेल्यावर त्याची अब्रूही गेली, हे दुसरे मरण त्या आईला सोसावे लागते.

परवा चिटणीसबाईंबरोबर मी त्यांच्याकडे जाऊन आले. तासभर इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्या म्हणाल्या, "लोक येत नाहीत याचं काही नाही. पण आले ना, तरी त्याचं नाव कुणी घेत नाही. 'तो प्रकार' म्हणतात, 'ती केस' म्हणतात. माझा मुलगा केस झाला हो." मी विचारले, कसा होता तो? तेव्हा त्या जे बोलू लागल्या ते चहा निवून गेला तरी थांबल्या नाहीत. दूध तापविले की पातेल्याची खरवड त्यालाच लागायची. परीक्षेच्या आदल्या रात्री तो इस्त्री करीत बसायचा. खालच्या मजल्यावरच्या आजींच्या फोनला भजनाची घंटी त्यानेच लावून दिली. ती अजून तशीच आहे, आणि ती वाजली की आजी घाबरून फोन बंद करतात, की वरच्या बाईंना ऐकू जाऊ नये. त्या म्हणाल्या, "वाजू दे की! मला ऐकायची आहे."

तर जाऊन बोलायचे काय, याचे उत्तर त्यांनीच दिले आहे. त्याच्याविषयी बोला. तुम्हापैकी निम्म्या जणींनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिले. कुणाच्या गणपतीची आरास त्याने केली असेल, कुणाच्या झाडावरच्या कैऱ्या पाडल्या असतील. आईला ठाऊक नसलेली एखादी आठवण तुमच्यापाशी असेल तर ती तिला द्या. त्या रडतील. रडू द्या, तुम्ही रडविले असे समजू नका. आणि काही सुचलेच नाही तर गप्प बसा, भाजी निवडा, निघताना "परवा येते" म्हणा आणि परवा खरोखरीच जा.

काय बोलू नये याची यादी मोठी होईल, तिच्यात मी शिरत नाही. एकदोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. "देवाची इच्छा" हे वाक्य त्या घरातल्या माणसाने म्हटले तर मान हलवावी. आपण होऊन म्हणू नये. तसेच "अकाली गेला, गती मिळाली नसेल, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करून घ्या" असे भय घालू नये. घरच्यांच्या मनाला त्याने शांती मिळत असेल तर त्यांनी अवश्य करावे. पण तुमचा मुलगा भटकतो आहे असे आईला सांगण्याचा अधिकार मला तरी कुणाचा वाटत नाही. आणि ज्या घरी पतीची हत्या झाली तिथली तरुण मुलगी पुढच्या हळदीकुंकवाला बोलावायची की नाही, यावर पुष्कळ मंडळांत अजून कुजबूज होते. आपल्या मंडळात होत नसेल असे समजून पुढे जाते.

घाई करू नये हेही सांगितले पाहिजे. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली; सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. वीणा दास या समाजशास्त्रज्ञ त्या वेळी सुलतानपुरी वस्तीतल्या बायकांमध्ये काम करीत होत्या. त्यांनी लिहिले आहे की त्या बायका घरात जायला तयार नव्हत्या, चूल पेटवीत नव्हत्या, कपडे बदलीत नव्हत्या, केस विंचरीत नव्हत्या. बाहेरून आलेल्यांना ती अस्वच्छता वाटली. पण आमच्यावर काय गुदरले ते पुसून टाकायचे नाही, हे सांगण्याचा त्यांच्यापाशी तेवढाच मार्ग उरला होता. तेव्हा एखादी बाई महिनोन् महिने त्याची खोली आवरीत नाही, शर्ट धुवीत नाही, म्हणून "आता सावर" असे म्हणत तिच्या मागे लागू नये. ती आपल्या वेळेने आवरील.

कोर्टकचेरीचे दुःख वेगळेच. आपल्याला वाटते, निकाल लागला की जिवाला शांती मिळेल. १९९३ च्या १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट होऊन २५७ माणसे गेली. विशेष न्यायालयाचे निकाल लागू लागले ते २००६ साली. त्याच २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले; २०१५ साली बारा जण दोषी ठरले, आणि २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. कोणता निकाल बरोबर हे सांगणारी मी कोण? निरपराध माणूस तुरुंगात राहिला तर तोही कुणाचा तरी मुलगाच. पण एकोणीस वर्षे निकालाकडे डोळे लावून बसलेल्या घरांचे त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार करते. न्याय मागावाच, मात्र जेवण, झोप, धाकट्याचे शिक्षण, बहिणीचे लग्न हे सारे निकालापर्यंत तहकूब ठेवू नये.

दिल्लीच्या सत्यराणी चढ्ढांचे नाव तुम्हापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांची गरोदर मुलगी १९७९ साली सासरी जळून गेली. सासरची हुंड्याची मागणी चालू होती. सत्यराणींनी खटला सोडला नाही. जावई दोषी ठरला २००० साली, तोही आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल. आणि उच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला २०१३ साली. म्हणजे चौतीस वर्षे. पण त्या चौतीस वर्षांत त्या नुसत्या तारखा मोजीत बसल्या नाहीत. शहाजहान आपा या अशाच मुलगी गमावलेल्या मुसलमान बाई त्यांना भेटल्या. दोघींनी मोर्चे काढले, हुंड्याचा कायदा कडक व्हावा म्हणून झगडल्या, आणि १९८७ साली 'शक्ती शालिनी' ही संस्था उभी केली, जिथे छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आसरा मिळतो. सगळ्यांनाच हे जमेल असे नाही आणि जमलेच पाहिजे असेही नाही. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या दोघी एकमेकींना भेटल्या. जिच्यावर तेच गुदरले आहे अशा बाईपाशी काही समजावून सांगावे लागत नाही. अशी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर दोघींची गाठ घालून द्या.

कायद्यातल्या थोड्या गोष्टी मंडळाने माहीत करून घ्याव्यात, कारण त्या घरात त्या विचारण्याचे त्राण कुणाला नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्ह्याच्या पहिल्या खबरीची प्रत फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत घरच्यांना कळवायचे असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. मृताच्या आश्रितांसाठी नुकसानभरपाईची योजना आहे, आणि गुन्हेगार सापडला नाही तरी तिथे अर्ज करता येतो. पैसे घेणे म्हणजे मुलाची किंमत करणे असे वाटून पुष्कळ घरे अर्जच करीत नाहीत. तो पैसा कुणाची मेहेरबानी नाही, एवढे त्यांना सांगावे.

मुलांविषयी थोडे. घरातल्या लहान भावंडाला "दादा गावाला गेलाय" असे सांगू नये. शाळेत दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतेच, आणि मग त्या मुलाचा घरच्यांवरचाही विश्वास उडतो. त्याच्या वयाला पेलतील अशा चार शब्दांत खरे सांगावे: दादाला एका माणसाने मारले, तो मेला, परत येणार नाही, आणि तुझ्यामुळे काही झाले नाही. शेवटचे वाक्य विसरू नये. भांडणात "मर जा" म्हटले होते म्हणून दादा मेला असे मुलांना खरोखर वाटते. आणि वडिलांकडेही लक्ष असू द्या. देह ओळखायला तेच गेलेले असतात. महिन्याने कामावर रुजू होतात, म्हणून सारे म्हणतात "ते खंबीर आहेत." यजमानांना सांगा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जात चला. बायका निदान बायकांपाशी रडतात.

वैद्याची गरज केव्हा? दुःख हा आजार नाही. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, आणि तरी माणूस जेवत नाही, झोपत नाही, कशातच मन घालू शकत नाही, अजूनही तो क्षण डोळ्यांपुढून हलत नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. "मलाही त्याच्याकडे जायचंय" असे कुणी म्हणाले तर मात्र सहा महिने थांबू नये, हसण्यावारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. चिटणीसबाई, हा आकडा फळ्यावर लिहून ठेवाल का?

आता शेवटचे काम. त्या घरची पुढची तारीख येत्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी आहे. कोर्टात काय होते हे ज्या गेल्या आहेत त्यांना ठाऊक असेल: अकराला बोलावतात, पुकारा तीनला होतो, आणि पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत यावे लागते. बसायला एकच बाक असतो, आणि त्याच बाकावर पलीकडच्या बाजूची माणसेही येऊन बसतात. म्हणून दर तारखेला मंडळाच्या दोघींनी बरोबर जावे अशी माझी सूचना आहे. पाण्याची बाटली आणि पोळीभाजी न्यावी. त्या खाणार नाहीत असे गृहीत धरू नये. आत गेल्यावर बाकावर दोघींनी मध्ये बसावे. कुणी कोणत्या तारखेला जायचे ते चिटणीसबाईंनी वही ठेवली आहे तीत लिहावे. मंगळवार कुणालाच सोयीचा नसतो, याची मला कल्पना आहे.